नखाचा तोच कोपरा पुन्हा पुन्हा का तुटतो?

उजव्या हाताची तर्जनी, आणि तिचाही अंगठ्याकडचा कोपरा. माझं नख तुटायचं ते हटकून तिथेच. नखं वाढली की हौसेने घासून आकार द्यायचा, दोन दिवस येता-जाता स्वतःच्याच हाताकडे बघायचं आणि तिसऱ्या दिवशी किल्ली कडीत अडकवताना ‘टक्’. आवाजावरूनच कळायचं कुठलं गेलं ते. मग त्या एकापायी बाकीची नऊ कापायची, की एक बुटकं आणि नऊ लांब असा हात घेऊन हिंडायचं, एवढाच प्रश्न उरायचा.

वर्षभर मी दोष देत राहिले. आधी नखांना, मग फायलरला, मग भांड्यांच्या साबणाला. नखं कडक करणारं नेलपॉलिश लावून झालं, फायलर बदलून झाला. नख तुटायचं काही थांबेना. माझी ट्यूब पेटायला जरा उशीरच झाला म्हणायचा. नखंच ठिसूळ असती तर कुठल्याही बोटाचं, कुठेही तुटलं असतं. एकच बोट आणि एकच कोपरा म्हणजे कारणही त्या कोपऱ्यापाशीच असणार.

मधे एकदा डावं मनगट मुरगळलं. डाव्या हातात फायलर धरवेना, म्हणून ताईने समोर बसून उजव्या हाताची नखं घासून दिली. त्या खेपेला कोपरा पाच आठवडे टिकला. ताईचा हातगुण, असं म्हणून मी विषय सोडून दिला. मनगट बरं झालं, पुन्हा स्वतः घासलं आणि चौथ्या दिवशी ‘टक्’. हातगुण वगैरे काही नव्हता. ती माझ्या बोटांच्या समोर बसली होती, मी बोटांच्या मागे बसते. सगळी गोम त्या जागेत होती. ती कशी, हे कळायला आधी नख फाटतं कसं ते बघावं लागेल.

तुटलेला तुकडा लगेच टाकू नका

तुकडा हातात घ्या, नाहीतर बोटावर उरलेली कड उजेडात धरा. चीर कुठून सुरू झालीय ते बघा. बाजूच्या कडेपासून निघून आडवी गेली असेल तर तिथली कड आधीच कमजोर झालेली होती. बहुतेकांची तक्रार हीच असते, आणि हा लेखही मुख्यतः तिच्याबद्दल आहे. टोकापासून मुळाकडे उभी चीर असेल तर टोकाला खाच राहिलेली असते किंवा जोराचा दणका बसलेला असतो. आणि तुकडा न पडता नुसता वरचा पापुद्रा सुटत असेल, तर ते दुखणं निराळं. त्याकडे नंतर येते.

नख म्हणजे एकसंध पत्रा नाही. केराटिन नावाच्या प्रथिनाने भरलेल्या मृत पेशींचे थर एकमेकांवर घट्ट बसलेले असतात. ढोबळमानाने तीन थर: वरचा, मधला, खालचा. मधल्या जाड थरातले तंतू आडवे असतात, म्हणजे बोटाच्या या कडेपासून त्या कडेकडे जाणारे. त्यामुळे नख आडवं फाडायला जेवढा जोर लागतो, त्याच्या साधारण दुप्पट जोर उभं फाडायला लागतो. ही आपल्यावर मोठी कृपा आहे. तंतू उभे असते तर टोकाला गेलेली प्रत्येक चीर सरळ जिव्हाळीत शिरली असती. ती तशी जात नाही, वळून आडवी होते.

पण याच गुणाचा दुसरा अर्थ असा, की बाजूच्या कडेला एक बारीकशी खाच पडली तरी तिला पुढे जायला रस्ता तयारच असतो. ती तंतूंच्या बाजूने सरसर आडवी जाते आणि अख्खं टोक घेऊन जाते. निसर्गाने त्याचीही सोय केलेली आहे. नखाचे वरचे आणि खालचे थर कडेवर वळून आलेले असतात, शिवलेल्या कापडाच्या दुमडीसारखे, म्हणून सहसा कडेला चीर सुरूच होत नाही. आपण फायलर घेऊन ‘बाजू जरा आत घेऊ या’ म्हणतो तेव्हा नेमकी हीच दुमड घासून टाकतो. उरतो तो उघडा मधला थर, आडवे तंतू, आणि किल्लीची कडी.

तेव्हा एक गोष्ट पक्की धरा. घासायचं ते टोक. बाजू सोडून द्यायची.

बाजू कुठे संपते आणि टोक कुठे सुरू होतं, हे वरून बघून कळत नाही. बोट डोळ्यांच्या पातळीवर आडवं धरा आणि कडेने बघा. नख जिथे मांसातून सुटून मोकळं होतं तो बिंदू दिसेल. दोन्ही बाजूंना असा एकेक बिंदू असतो आणि दोन्ही एका पातळीवर असतीलच असं नाही. फायलर या बिंदूपर्यंत खाली जाता कामा नये. त्याच्या वरही निदान मिलिमीटरभर कड जशी सरळ आली असेल तशीच राहू द्यायची. वळण द्यायचं ते त्याच्यापुढे.

माझा कोपरा कसा जात होता

उजवा हात पालथा, बोटं समोर, आणि डाव्या हातात फायलर. तुम्ही उजखोरे असाल तर बहुधा असेच बसत असाल. आता डावा हात कुठून येतो बघा. तो डावीकडून येतो, आणि पालथ्या उजव्या हाताच्या डावीकडे असतो अंगठा. म्हणजे तर्जनीचा अंगठ्याकडचा कोपरा फायलरला आयता सापडतो. तिथे घाव पूर्ण बसतो, मनगट आपोआप आतल्या बाजूला झुकतं आणि फायलर कडेवरून खाली घसरतो. दुसऱ्या कोपऱ्याजवळ मधलं बोट आडवं येतं, त्यामुळे तो कोपरा कमीच घासला जातो. वरून बघताना नख तिरकं दिसतं. मग तिरकेपणा काढायला पुन्हा दोन हात, आणि तेही पडतात ते सोप्या बाजूलाच.

आणि दिवसभराची कामं कुठला कोपरा करतो? चिमटीत धरायचं, खरवडायचं, सोलायचं, उचकटायचं, सगळं तर्जनीच्या अंगठ्याकडच्या बाजूने. म्हणजे ज्या कोपऱ्याला सगळ्यात जास्त काम, त्याचीच दुमड मी दर वेळी घासून काढत होते. ताई समोर बसली तेव्हा तिला दोन्ही कोपरे सारखे दिसत होते आणि तिचा हात सरळ येत होता. संपला हातगुण.

डावखुऱ्यांनी हे सगळं उलटं वाचावं. त्यांचा डावा हात संकटात असतो.

उपाय सोपा निघाला, पण सवय लागायला दोन-तीन खेपा गेल्या. हात एकाच स्थितीत ठेवून दोन्ही कोपरे घासायचे नाहीत. अंगठ्याकडचा कोपरा हात पालथा ठेवून घासायचा. मग हात उताणा करायचा, बोटं आपल्याकडे वळवायची, तळवा डोळ्यांसमोर. आता अंगठा उजवीकडे गेला आणि करंगळीकडची बाजू डाव्या हाताच्या वाटेवर आली. दुसरा कोपरा असा घ्यायचा. दोन्ही कोपऱ्यांना फायलर सारख्याच सोयीने भिडतो, म्हणून सारखाच घासतो.

उताण्या हाताचा आणखी एक फायदा होतो. नख खालून दिसतं. वरून बघताना नखाची चमक आणि फुगवटा डोळ्यांना फसवतो. खालून नुसती कडेची रेघ दिसते, आणि तिरकं असेल तर ते तिथे लपत नाही. आता मी आधी खालून बघते आणि वरून शेवटी.

आकार फोटोवरून ठरवू नका

कोपरे तुटण्याचं निम्मं मूळ इथे असतं. फोटोतला आकार आवडतो, आपलं नख त्या आकाराचं नसतं, मग ते त्यात बसवण्यासाठी आपण बाजू कोरत जातो. आकार ठरवायचा तो नखाकडे बघून, आणि बघायचं फक्त तीन ठिकाणी.

पहिलं, नखाचं मूळ. क्युटिकलची, म्हणजे नखाच्या मुळाशी चिकटलेल्या कातडीची, रेघ कशी आहे, खोल कमानीसारखी की जवळजवळ सपाट? टोकाला त्याच वळणाचं प्रतिबिंब दिलं की नख आपोआप जुळून येतं. कमान खोल असेल तर गोल किंवा ओव्हल, सपाट असेल तर स्क्वेअर किंवा कोपरे किंचित मोडलेला स्क्वोव्हल. हा काही नियम नव्हे, पण कुठून सुरुवात करावी असा प्रश्न पडला तर इथून करावी. मी स्वतः दहातल्या आठ हातांना स्क्वोव्हलच सुचवेन. त्यात बाजू सरळ राहतात, कोपऱ्याचं टोक तेवढं मोडतं, म्हणजे अडकत नाही आणि दुमडही शाबूत राहते.

दुसरं, बाजू. मुळापासून टोकापर्यंत दोन्ही बाजू समांतर जात असतील तर तुम्ही नशीबवान, काहीही शोभेल. टोकाकडे पंख्यासारख्या पसरत असतील तर स्क्वेअरच्या वाटेला जाऊ नका, पंखा आणखी रुंद दिसतो. इथे मोह होतो तो पसरलेली बाजू मुळापासूनच आत घेण्याचा. तो टाळा. मांसातून सुटल्यानंतरचा जो मोकळा भाग आहे, तेवढाच दोन्हीकडून हलकेच आत घेऊन ओव्हल करा. नख आखूड असेल तर हे जमणार नाही, थोडं वाढेपर्यंत थांबायला हवं. नख रुंद आणि बोटं आखूड असतील तरी ओव्हलच बरा, त्याने बोट लांब वाटतं. याउलट नखं अरुंद आणि लांबट असतील तर त्यांना टोकदार करून आणखी बारीक कशाला करायचं? त्यांना सपाट टोक छान दिसतं.

तिसरं, मोकळा भाग किती आहे. गुलाबी संपून पांढरं सुरू होतं तिथून पुढे फक्त एक-दोन मिलिमीटर असतील तर गोल आणि स्क्वोव्हल हे दोनच आकार आहेत असं समजा. बदामी आकाराला बाजू निमुळत्या करायला जागा लागते. माझ्या अनुभवात चार-पाच मिलिमीटर मोकळे असल्याशिवाय बदामी करायला घेतला की तो बदाम कोपऱ्यांच्या जिवावर होतो. आणि कॉफिन (निमुळता, पण टोक सपाट), स्टिलेटो (सुरीसारखा टोकदार) हे आकार फोटोत जे दिसतात ते बहुधा जेल किंवा अॅक्रिलिक चढवलेल्या नखांवरचे असतात. नुसत्या नखाला ते झेपत नाहीत. यात तुमच्या हाताचा दोष नाही.

एक चौथं ठिकाणही आहे, ते बाजूने बघायचं. काहींचं नख वाढलं की पुढे पोपटाच्या चोचीसारखं खाली वळतं. अशा नखाला कुठलाही आकार द्या, लांब ठेवलं की चोचच दिसणार. ते आखूड आणि गोल ठेवावं.

आणि दहा बोटांची नखं दहा तऱ्हांची असली तर? असतातच. आकार सगळ्यांत आडमुठ्या नखावरून ठरवा. दहांत एकाचे कोपरे बदामीला तयार नसतील तर सगळ्यांनाच ओव्हल करा. अंगठ्याला मात्र थोडी सवलत द्या. त्याचं नख रुंद असतं, ते करंगळीच्या मापाने निमुळतं करायला गेलं की बिघडतं. वळण तेच ठेवायचं आणि रुंदी त्याची त्याला.

दिवसभर कीबोर्ड बडवणाऱ्यांनी, तंतुवाद्य वाजवणाऱ्यांनी, तान्हं बाळ सांभाळणाऱ्यांनी आणि कॉन्टॅक्ट लेन्स लावणाऱ्यांनी वरचं सगळं वाचून शेवटी आखूड गोलच करावं.

मधोमध म्हणजे नक्की कुठे

नख तिरकं होण्याचं एक कारण मला फार उशिरा कळलं. आपण नखाचा मध्य बोटाच्या मध्यावरून धरतो, आणि बऱ्याच जणांच्या बोटांचं शेवटचं पेर किंचित कलतं असतं. तर्जनी मधल्या बोटाकडे झुकते, करंगळी अनामिकेकडे. अख्ख्या बोटाच्या रेषेत टोक आणायला गेलं की नखाची एक बाजू जास्त घासली जाते.

मध्य शोधायचा तो फक्त शेवटच्या पेरावर. क्युटिकलच्या कमानीचा सगळ्यात खोल बिंदू घ्या, आयब्रो पेन्सिलने तिथे बारीक ठिपका द्या. दुसरा ठिपका नखाच्या टोकाला, दोन्ही बाजूंपासून सारख्या अंतरावर. दोन ठिपके जोडणारी रेघ हा नखाचा कणा. मग पेन्सिलनेच हवा तो आकार नखावर काढा. आवडला नाही तर बोटाने पुसता येतो. फायलरने घासलेलं कशाने पुसणार? पहिल्या दोन-चार वेळा हे पेन्सिलचं काम करावंच. पुढे डोळ्यांना सवय होते.

घासताना

नखं कोरडी हवीत, अगदी खडखडीत. पाण्यात भिजलेलं नख फुगून मऊ होतं, कापायला सोपं जातं, पण फायलर लागला की त्याचे थर पिंजतात. आंघोळीनंतर किंवा भांडी घासून झाल्यावर निदान अर्धा तास जाऊ द्या.

लांबी खूप कमी करायची असेल तर आधी नेलकटर, पण एका घासात अख्खं नख तोडू नका. वक्र नख नेलकटरच्या दोन पात्यांत दाबून सपाट होतं, आणि तडा जातो तो तिथेच, दिसतो आठवड्याने. कोपऱ्यापासून सुरू करून छोटे छोटे तुकडे काढा आणि हव्या त्या लांबीच्या आधी मिलिमीटरभर थांबा.

फायलरवर आकडा असतो. आकडा जितका मोठा तितका फायलर बारीक. १०० किंवा त्याखालचा खरखरीत फायलर कृत्रिम नखांसाठी असतो, तो आपल्या नखाला लावू नये. आकार द्यायला १८०, कड गुळगुळीत करायला २४०, एवढं घरी पुरतं. पातळ नखांना सुरुवातच २४० ने करावी. नेलकटरला जोडलेली ती धातूची कानस फक्त अडीअडचणीला. काचेचा फायलर मला सगळ्यात आवडतो. तो बारीक असतो, धुता येतो आणि वर्षानुवर्षं टिकतो. पडला की मात्र फुटतो. पुठ्ठ्याचा फायलर धुता येत नाही, म्हणून तो ज्याचा त्यानेच वापरायचा आणि दाणे गेले की टाकून द्यायचा. गुळगुळीत झालेल्या फायलरवर आपण नकळत जोर वाढवतो, आणि तो जोर नखाला बाधतो.

दोन्ही हातांची कोपरं टेबलावर टेका. हात अधांतरी असला की आकार हलतो. फायलर बोटांच्या टोकांनी सैल धरा. कोपऱ्यापासून मध्याकडे एकेक लांब झोत, म्हणजे फायलर एकाच दिशेने एकदा ओढायचा, मग फायलर उचला, पुन्हा कोपऱ्यापासून. करवतीसारखं मागे-पुढे केलं की थर दोन्हीकडून उचकटतात, शिवाय नख गरम होतं. बोटाला ऊब जाणवली तर तुम्ही फार जोरात आहात. काचेच्या फायलरला मागे-पुढे चालतं असं म्हणतात आणि ते बरंचसं खरं आहे, पण हाताला एक सवय लागली की ती सगळ्या फायलरवर चालते, म्हणून मी तिथेही एकाच दिशेने जाते.

फायलरचा कोन बघा. तो नखाच्या कडेशी सरळ उभा हवा, झुकलाच तर किंचित खालच्या बाजूला. वरून तिरपा लागला की टोकाचा वरचा थर पातळ होत जातो.

आता खरी मेख. डावीकडे पाच झोत, मग उजवीकडे पाच. मोजून. ‘डावीकडे जरा जास्त वाटतंय’ म्हणून डावीकडे, मग ‘आता उजवीकडे’, असं करत गेलं की दोन मांजरांचं लोणी वाटणाऱ्या माकडासारखं होतं. तराजू समतोल होईपर्यंत वाटायला काही उरत नाही. माझी निम्मी नखं त्या माकडाने खाल्लीत. पाच-पाच झोत झाले की थांबायचं, उताण्या हाताने बघायचं, मग पुढचे पाच. एका नखाला तीनदा बघूनही शंका वाटत असेल तर ते सोडून पुढच्या बोटाकडे जा. परत आल्यावर बहुतेक वेळा ते ठीकच असतं, डोळे थकलेले असतात. नाहीतर हाताचा फोटो काढून तो उलटा करून बघा. रोजच्या नजरेला सरावलेला तिरकेपणा उलट्या फोटोत लगेच डोळ्यात भरतो. फोटो मात्र जरा लांबून काढा. अगदी जवळून काढला तर कॅमेऱ्याशी जवळ आलेलं बोट फुगलेलं दिसतं.

बाकीच्या तक्रारी

गोल करायला जावं आणि मधे टोक यावं, ही तक्रार फार जणांची. दोन्ही बाजूंना सरळ झोत मारले की मधे छपराचा कणा उरणारच. दोन्ही बाजू झाल्यावर शेवटचे चार-पाच झोत कमानीसारखे मारा, एका कोपऱ्यापासून टोकावरून वळून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत, फायलर वळवत. तो कणा विरून जातो.

नख दिसायला नीट, पण कपड्यात अडकतं. खालच्या कडेला पिंजलेला भुसा राहिलाय. कापसाचा बोळा कडेवरून फिरवा, जिथे धागा अडकेल तिथे २४० च्या फायलरने खालून वर एक-दोनदा अगदी हलकं पुसा. घासायचं नाही, पुसायचं. हीच न दिसणारी खाच पुढे चीर होते, त्यामुळे बोळा फिरवण्याचा कंटाळा करू नये.

पापुद्रे सुटतात त्याबद्दल. हे सहसा आकाराचं दुखणं नसतं. नख दिवसातून अनेकदा भिजतं, वाळतं, फुगतं, आकसतं आणि थर सुटत जातात. वारंवार रिमूव्हर लावल्यानेही तेच होतं, विशेषतः अॅसिटोनवाल्या. जेल पॉलिश नखाने खरवडून काढलं असेल तर त्याच्याबरोबर नखाचा वरचा थरही गेलेला असतो. पाण्याच्या कामाला हातमोजे घाला, झोपताना नखांना आणि कडांना तेल किंवा क्रीम चोळा, आणि नेलपॉलिश लावताना ब्रश टोकाच्या कडेवरूनही फिरवा, म्हणजे पाणी थरांत शिरत नाही. सुटलेला पापुद्रा ओढून काढू नका. तो खालचं चांगलं नख घेऊन जातो. तेवढा भाग कापून, बारीक फायलरने कड बंद करा.

नखाच्या कडेची साल निघते तीही ओढायची नाही. कात्रीने मुळाशी कापायची. ओढली की नखुरडं व्हायला वेळ लागत नाही.

पायाच्या नखांना हे आकारांचं पुराण लागू नाही. तिथे सरळ आडवं कापायचं आणि कोपऱ्यांची धार तेवढी मोडायची. कोपरे खोल गोल केले की नख मांसात रुतायला लागतं.

आणि काही गोष्टी फायलरने सुटणाऱ्या नसतात. एकच नख मुळापासून कायम एकाच रेषेत फाटत असेल, नख मांसापासून सुटत असेल, चमच्यासारखं मधे खोलगट झालं असेल, त्यावर काळी उभी रेघ नव्याने उमटली असेल, किंवा कडेला सूज आणि ठणका असेल, तर आकार राहू द्या आणि डॉक्टरांना दाखवा. मधुमेह असणाऱ्यांनी तर नखाजवळच्या बारीक जखमेकडेही दुर्लक्ष करू नये.

कोपरा आधीच गेला असेल तर

बाकीची नऊ कापायची घाई नको. तुटलेल्या जागेची चीर जिव्हाळीपर्यंत गेली नसेल तर ते नख गोल करा आणि बाकीची स्क्वोव्हल असतील तर त्यांचे कोपरे थोडे अधिक मोडा. लांबीतला फरक लोकांच्या फारसा लक्षात येत नाही, आकारातला लगेच येतो. चीर जिव्हाळीपर्यंत गेली असेल तर मात्र ओढाताण न करता ती झाकून ठेवा, पट्टी लावा, आणि वाढून बाहेर येईपर्यंत तिथे फायलर लावू नका.

बाजूची दुमड एकदा घासली गेली की ती परत चढत नाही, मागून नवी यावी लागते. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं. माझ्या कोपऱ्याचे दोनेक मिलिमीटर कोरले गेले होते, म्हणजे हिशोबाने तीन आठवडे. त्या काळात त्या बोटाला फायलर नाही असं मी ठरवलं. आकार बेढब झाला, एक बाजू सरळ आणि एक वाकडी. खालून सरळ कड वर आल्यावर मग पालथा हात, उताणा हात, पाच-पाच झोत.

आता तो कोपरा शाबूत आहे. किल्ल्यांची कडी मात्र मी चमच्याच्या दांड्याने उघडते.